कमानीपलीकडची कळलावी

“तूच ये की खाली, मी हितंच उभी हाय!” लातूरला क्लास चालू होते तेव्हा होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर लुंबिनीला रस्त्यावरून आईची अशी हाक यायची. बाकीच्या आया वर येऊन पोरींच्या गाद्या झटकायच्या, वेण्या घालायच्या. सुमनबाई दोन वर्षांत एकदाही जिना चढली नाही. आईला आपलं शिकणंच पसंत नव्हतं, हा सल लुंबिनीला नोकरी लागली तरी गेला नव्हता.

आज मायलेकी औशाच्या किल्ल्याबाहेर रानफुलं बघत हिंडत होत्या. वाटाड्या नव्हताच, रंग दिसेल तिकडं पाय वळायचे. दगडी कमानीपाशी मात्र सुमनबाई थबकली. पलीकडं कळलावी फुलली होती, वेलीला जाळ लागावा तशी.

“थांब आई, मी आणते तोडून.”

“तोडतीस कशाला गं? फुललं तिथंच जाऊन बघावं.”

तिनं पदर खोचला, श्वास कोंडला आणि झपाझपा कमानीखालून निघाली. पलीकडं पोचताच दोन्ही हात वर करून ओरडली, “आले बघ!” हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

“आई, काय झालं गं?”

“तू व्हायच्या आधी, किल्लारीच्या भूकंपात, दगडाखालून उकरून काढलंय मला. तवापासून पत्रा सोडून दुसऱ्या छताखाली गेलेच न्हाई. तुला सांगितलं असतं, तर तू त्या स्लॅबखाली निजली नसतीस पोरी, अन् शिकलीबी नसतीस.”