उरलेले गहू

शेठजींच्या वाड्यातल्या संग्रहालयात टेबलावर आज एकच माप होतं. दुसऱ्याच्या जागी लाकडावर नुसता गोल डाग राहिला होता आणि शेजारी नवीकोरी पाटी उभी होती : ‘शेठजींचे भरघोस माप. याच मापाने येथे धान्य विकले जाई.’

पाटी वाचून गाइडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. विकलं जाई? या मापाने शेठजी धान्य विकत घेत. विकायचं माप वेगळं होतं. बाहेरून हुबेहूब असंच, तेवढंच उंच, तशाच पितळी पट्ट्यांचं. फक्त आत, बुडापासून चार बोटं वर, एक लाकडी चकती ठोकून बसवलेली. सुगीत शेतकऱ्यांकडून गहू घ्यायचे ते खोल मापाने आणि टंचाईत त्यांनाच विकायचे ते उथळ मापाने. कालपर्यंत दोन्ही मापं इथे शेजारी शेजारी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला बाई ती भरून दाखवत होत्या.

माप कुणी हलवलं हे विचारायची गरज नव्हती. संग्रहालयाचे विश्वस्त म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ आणि शेठजी म्हणजे दोघांचे आजोबा. पाहुण्यांसमोर मात्र दोघं एकमेकांना अहो-जाहो करत, कारण घरचं नातं बाहेर सांगायचं नाही, असं भावाचं फर्मान होतं. आज सकाळीच त्याने बाईंना ऑफिसात बोलावून सुनावलं होतं. आजोबांची अब्रू चव्हाट्यावर मांडून तुला काय मिळतं? पुन्हा ते मापांचं पुराण लावलंस तर उद्यापासून येऊ नकोस. आणि हो, वरची खोलीही मग प्रदर्शनाला लागेल. नवरा गेल्यापासून बाई त्या खोलीत राहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि भावाने तो होकार धरला. लहानपणापासून तो हीच चूक करत आला होता.

तरी पुरती खात्री नसावी, कारण आज विश्वस्त स्वतः हात मागे बांधून पाहुण्यांच्या घोळक्यात शेवटी उभे होते. पाहुणे म्हणजे निवृत्त मंडळींचा एक संघ. खांबांवरची नक्षी बघून त्यांचे डोळे दिपले होते. एक जाडजूड गृहस्थ खांबाला पाठ लावून, पाटी वाचून म्हणाले, “माणूस मोठ्या मनाचा दिसतोय. माप बघा ना केवढं.”

विश्वस्तांनी मान डोलावली.

बाईंना पुढे जाता आलं असतं. पुढच्या खोलीत दौती होत्या, आरसे होते, परदेशी घड्याळ होतं. भीतीही वाटत होती, नाही असं नाही. या वयात गाठोडं उचलून जायचं कुणाच्या दारात? पण ते ‘मोठ्या मनाचा’ त्यांच्या घशाखाली उतरेना.

“एक माप कमी आहे,” त्या म्हणाल्या. “विश्वस्तांच्या कपाटात आहे. ते आणतील, तोवर आपण इथेच थांबू.” आणि स्टूल ओढून त्या खुशाल बसल्या.

विश्वस्त हसले. पाहुण्यांसाठी हसतात तसं. “मॅडम, ते दुरुस्तीला काढलंय. तुम्ही पुढची खोली दाखवा.”

“दुरुस्त केलं तर त्यात दाखवण्यासारखं काही उरणार नाही.”

कुणीतरी खोकलं. निवृत्त माणसांना घाई कसली? एका आजींनी पायरीवर बैठक मारली आणि पिशवीतून लोकर-सुया काढल्या. दुसऱ्या दोघी त्यांच्याशेजारी टेकल्या. जाडजूड गृहस्थ विश्वस्तांना समजुतीच्या सुरात म्हणाले, की आणा हो, आम्हाला काही गडबड नाही. विश्वस्तांनी बहिणीकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. बाई पदराने खोल माप पुसत बसल्या. शेवटी विश्वस्त गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते माप त्यांनी टेबलावर आणून आदळलं.

बाईंनी खोल माप शेजारच्या पोत्यातल्या गव्हाने भरलं, तळहाताने सपाट केलं आणि सगळ्यांना दिसेल असं उथळ मापात ओतायला सुरुवात केली. उथळ माप भरलं. खोल मापात अजून गहू होते. बाई ओततच राहिल्या. गहू काठावरून टेबलावर सांडले आणि त्यांचा चांगला ढीग झाला.

“शेतकऱ्याकडून मोठ्याने घ्यायचं, त्यालाच लहानाने द्यायचं,” बाई म्हणाल्या. “हिशेबात दोन्ही सारखीच.”

आजींच्या सुया थांबल्या. मग जाडजूड गृहस्थांनी विचारलं, “पण हे एवढे उरायचे, ते जायचे कुठे?”

“तुम्ही टेकलाय त्या खांबात,” बाई म्हणाल्या. “त्या झुंबरात. या फरशीत.”

गृहस्थ खांबापासून बाजूला झाले. विश्वस्त घोळक्यातून वाट काढत पुढे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि मॅडम वगैरे सगळं ते विसरले होते.

“तायडे, पुरे.”

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली आणि मग बाईंकडे. एकाच साच्यातली दोन नाकं समोरासमोर उभी होती. बाईंनी ढिगातले ओंजळभर गहू उचलले, भावाचा हात ओढून त्यात ठेवले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या,

“आणि आम्हा दोघांच्या पोटात.”