आत्याबाईंचे प्रश्न

"तुमचे गुडघे कसे आहेत?" बागेचं फाटक मागे पडतं न पडतं तोच श्यामलाताईंनी विचारलं.

सुशीलाबाईंना वाटलं होतं, सुरुवात लेकीच्या, तनुजाच्या नोकरीवरून होईल, नाहीतर स्वयंपाकावरून. त्याची उत्तरं त्यांनी लोणीहून येताना बसमध्ये घोकली होती. गुडघ्यांचं काहीच ठरवलं नव्हतं.

"चांगले हायेत की," त्या म्हणाल्या आणि उगीच भरभर चालू लागल्या.

पुढे तनुजा आणि ऋषी हसत-खिदळत चालले होते. दोघं एकाच ऑफिसातले. त्यांच्यामागे ऋषीचे वडील माधवराव, पाठीवर पिशवी, हातात काठी. श्यामलाताई ही माधवरावांची थोरली बहीण. ऋषीची आई तो शाळेत असतानाच गेलेली, तेव्हा मुलगी पारखायला आत्या येणार हे ओघानंच आलं.

"आई, रविवारी धबधब्यापर्यंत फिरायला चल," तनुजा म्हणाली होती. "ऋषीच्या घरचे येतायत. आत्या काही विचारतील. मनात असेल ते मोकळेपणानं सांग." आणि गालातल्या गालात हसली होती. सुशीलाबाईंनी पुढचं विचारलं नाही. पोरीच्या मनातलं आईला फोड करून सांगावं लागत नाही.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या वर्षी मांजरी गावचं एक स्थळ सुपारीपर्यंत आलं होतं. मग मधल्या माणसानं निरोप आणला. मुलगी एकुलती, आई विधवा, उद्या म्हातारी जावयाच्या दारात येऊन बसायची. तनुजानं हसून सोडून दिलं. सुशीलाबाईंच्या काळजात मात्र ते रुतून बसलं. या खेपेला आपल्यापायी काही मोडायला नको, एवढंच त्यांनी देवापुढं मागितलं होतं.

बाग संपून करंजाची झाडी लागली. खाली नदी गढूळ होऊन धावत होती. एक टोळकं मोबाइलवर गाणी लावून शेजारून गेलं.

"पुण्यात शांतता भरपूर आहे," श्यामलाताई म्हणाल्या, "लोक फक्त तिला ऐकवायला गाणी घेऊन येतात."

सुशीलाबाईंना हसू आलं. बाई बरी वाटली. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

"दिवसभर घरात एकट्याच असता ना? संध्याकाळी काय करता?"

"टीव्ही बघते."

"कोणती मालिका?"

एकीचंही नाव आठवेना. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून त्या टीव्ही लावायच्या आणि पाठ करून भाकरी थापायच्या.

"सगळ्याच," त्या म्हणाल्या. "येळ कसा जातो कळत न्हाई बघा."

श्यामलाताईंनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"नं सुशीलाबाईंचं डोकं पोखरायला घेतलं. ही बाई पोरीबद्दल चकार शब्द काढत नाही. सगळी चौकशी माझी चाललीय. म्हणजे मांजरीचंच दुखणं इथंही.

वाटेत ओढा आडवा आला. माधवराव अलीकडेच थांबले होते, झाडावर काहीतरी बघत. न बघताच त्यांनी काठी पुढे केली. सुशीलाबाईंनी ती घेतली नाही. गुडघे चांगले आहेत ते दिसू दे, म्हणून पदर खोचून एकट्याच निघाल्या. मधला दगड डुलला आणि त्यांनी माधवरावांची तशीच पुढे असलेली काठी गच्च धरली.

"मलाही मागच्या खेपेला असंच केलं होतं या दगडानं," माधवराव म्हणाले. "गावचा पाहुणा, शहरचा पाहुणा, काही बघत नाही."

सुशीलाबाई खळखळून हसल्या. इतक्या दिवसांनी, की आपलाच आवाज त्यांना परका वाटला. मग श्यामलाताई आपल्याकडे टक लावून बघतायत हे ध्यानात आलं आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

धबधब्याच्या तुषारांनी कातळ ओला झाला होता. पोरं पुढं पाण्यात उतरली. माधवरावांनी पिशवीतून थर्मास काढला आणि पहिला कप सुशीलाबाईंना दिला. "तुमच्यासाठी बिनसाखरेचा केलाय. तनुजानं सांगितलं होतं."

म्हणजे आजारही यांच्या कानावर गेलेला! चहा छान होता, पण एक घोट घेऊन त्या कप धरून बसल्या. माधवराव दूर जाऊन पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. श्यामलाताई जवळ सरकल्या.

"स्पष्ट विचारते, राग मानू नका. उद्या कुणी म्हणालं, लोणी सोडा, आमच्या घरी येऊन राहा, तर याल?"

सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. हेच ऐकायला ही बाई एवढी चालत आली होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "अजिबात न्हाई. माझं घर हाय, भावकी हाय. मला कुणाची सोबत लागत न्हाई. मी कुणाच्या दारात यायची न्हाई, हा माझा शब्द."

"अगदी नक्की?"

"पोरीची शपथ."

श्यामलाताई त्यांचा हात थोपटून उठल्या आणि भावापाशी गेल्या. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. माधवरावांनी मान हलवली, थर्मासचं झाकण सावकाश फिरवून लावलं, लांबूनच सुशीलाबाईंना हात जोडले आणि परतीच्या वाटेला लागले.

सुशीलाबाईंचं अंग हलकं झालं. जमलं. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात तनुजा ओल्या पायांनी धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, तू आत्यांना काय सांगितलंस?"

"जे सांगायला पाहिजे तेच. आता तुझं लगीन कुणी मोडत न्हाई."

"माझं कुठलं लग्न?" तनुजा खाली बसली. "अगं, ऋषीच्या बाबांसाठी तुला विचारत होत्या त्या."