हाताचा गुण

वैशाखात बेंबळीतल्या सगळ्या परसबागा करपल्या, हिरवीगार राहिली ती एकट्या तुळजाबाईची. नळाला पाणी आठव्या दिवशी, तरी तिची वांगी अन् गवार जोमात. बायका कौतुकानं विचारायला आल्या, की भिंतीपलीकडच्या पार्वतम्माला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणायची, "हाताला गुण लागतो, बायांनो. काही जणींनी नुसता हात लावला तरी दोडक्याचा वेल मान टाकतो!"

पार्वतम्माचा वेल खरंच सुकत चालला होता. पण तुळजाबाईच्या रागाचं कारण निराळंच होतं. पार्वतम्माच्या घरातल्या दहा माणसांच्या मोरीचं सांडपाणी भिंतीच्या बुडातल्या भोकातून तुळजाबाईच्या वाफ्यात शिरायचं. "तुमची घाण माझ्या भाजीत का म्हणून?" असं रोज सकाळी भांडण. पार्वतम्मा ऐकून घ्यायची अन् आत जायची. शेवटी एक दिवस तुळजाबाईनं घमेलंभर सिमेंट कालवलं आणि भोक कायमचं बुजवून टाकलं.

"आता बसा तुमच्याच चिखलात!" ती भिंतीकडं बघून ओरडली.

पंधरा दिवसांत तिची गवार वाळून काटकी झाली. वांग्यांना बादल्या ओतून ओतून कंबर धरली, तरी एक झाड तगलं नाही.



भिंतीवरून हातभर लांब, कोवळा दोडका पुढं करत पार्वतम्मा म्हणाली, "घ्या, तुळजाबाई. तुमच्या हाताला लई गुण हाय. तुम्ही भोक बुजवलं, अन् आमचा वेल लागला!"