सल्ला दिला

उशी झटकताना सिगारेटचं पाकीट खाली पडलं आणि सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय माणूस आहात हो तुम्ही? डावा पाय गेला. उजव्याचा अंगठा काळा पडलाय. आणि उशीखाली हे?"

पलंगावरचा शिंपी ओशाळला. पायाने मशीन चालवून संसार ओढलेला माणूस. उरलेला पाय तरी वाचावा म्हणून आठ दिवस इथे पडून होता.

"किती वेळा सांगायचं तुम्हाला? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

"कोणी सांगितलं?" त्याने विचारलं. उलट बोलायचं म्हणून नव्हे. त्याला खरंच आठवत नव्हतं.

सिस्टरने त्याची फाइल ओढली. दोन वर्षांत चारदा भरती. दर खेपेच्या कागदावर तीच छापील ओळ, 'धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला', आणि पुढे बरोबरची खूण. तिने एकेक कागद त्याच्या नाकासमोर धरला.

शिंप्याने चष्मा लावून चारही खुणा नीट पाहिल्या. "जखम भिजवू नका म्हणाले होते. हे नाही कोणी बोललं. मीच एकदा विचारणार होतो, सुटत नाही, काय करू म्हणून. पण सगळे घाईत असतात."

सिस्टर फाइल घेऊन तरातरा ड्यूटी रूममध्ये गेली. तरुण डॉक्टर नव्या भरतीच्या फाइली पुढ्यात घेऊन खुणा करत सुटला होता. त्यातला एकही पेशंट त्याने अजून पाहिला नव्हता.

"ही खूण तुमची ना? बोललात त्याच्याशी?"

"सिस्टर, ती ओळ रिकामी राहिली की फाइल परत येते. सगळेच करतात."

"सगळे म्हणजे कोण? पाय कापताना पेन नाही चालवलं ना नुसतं? पाच मिनिटं लागतात विचारायला. निकोटिनच्या पट्ट्या कपाटात पडून आहेत, गोळ्या आहेत. तोंडाला काय कुलूप लागलं होतं सगळ्यांच्या? थांबा, एकेकाची सहीच दाखवते."

ती भराभर पानं मागे उलटत गेली. सगळ्यात जुना कागद दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा डाव्या करंगळीला नुसती जखम होती, दोन्ही पाय धड होते. खुणेखाली सही होती, शेवटचं अक्षर लांब ओढलेली.

ती सही तिची होती.

तिला तो दिवस आठवेना. शिंप्याचा चेहराही आठवेना. डॉक्टरनेही सही पाहिली होती; त्याने पुढची फाइल ओढली. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. राग तसूभर उतरला नव्हता. तो आता दुसऱ्या कोणावर काढता येईना, एवढंच.

तिने कपाटातून पट्ट्यांचा डबा काढला आणि ती वॉर्डात परतली.

"सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने ओढता?"

शिंपी गोंधळला. "डोळे उघडले की लगेच. का हो?"

"सगळं सांगा. मी बसते. वेळ लागला तरी चालेल."

पलंगाजवळ स्टूल नव्हतं. तिला जागा करून द्यायला तो दोन्ही हातांवर जोर देऊन सरकू लागला.

"राहू द्या," ती म्हणाली.

डाव्या गुडघ्याच्या खाली चादर सपाट होती. ती तिथे बसली.