असं म्हटलं जातं

जुईला मांडीवर घेऊन मी वकीलबाईंसमोर बसले होते. नवऱ्याने इंग्रजीत नोटीस पाठवली होती: मुलीचा ताबा मला द्या, तिची आई तिला सांभाळायला लायक नाही. प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच, ‘इट इज अलेज्ड दॅट’.

“म्हणजे, असा आरोप केला जातो की,” वकीलबाई म्हणाल्या.

“पण कोण करतं?”

“अगं, कोर्टाचं इंग्रजी आहे हे. त्यात माणूस नसतोच. उगाच घाबरू नकोस.”

त्या पुढे वाचत गेल्या. मी बाळाला रडत ठेवते, असं म्हटलं जातं. आणि एका दुपारी अंघोळ घालताना मला डुलकी लागली, बाळ टबात घसरलं, असंही म्हटलं जातं.

मी जुईला जवळ ओढलं. ते खरंच घडलं होतं. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. नंतर रडत रडत फोनवर मी ते फक्त माझ्या आईला सांगितलं होतं.

बाहेरच्या बाकावर बसलेली आई दार ढकलून आत आली.

“दे तिला इकडे,” ती हात पुढे करत म्हणाली. “तुझी झोप होत नाही, ठाऊक आहे मला.”