चाव्या ऐकू येतात का

चाव्या वाजल्याच नाहीत.

त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पुन्हा लावलं. एकोणचाळीस, चाळीस. एक्केचाळिसाव्या सेकंदाला चाव्या वाजायला हव्या होत्या. कानांवर नवे कोरे, उशीसारखे जाड हेडफोन होते आणि त्यांत नुसता बास, तो खालचा जाड आवाज, घुमत होता.

सध्या रस्त्यावर दर तिसऱ्या तरुणाच्या डोक्यावर हेच हेडफोन दिसत. किंमत अशी, की तेवढ्यात घरात नवा फ्रिज यावा. त्यांत तेवढा दम आहे की नुसताच थाट, हे त्याने आज घरी बसून चार वाजेपर्यंत लिहून द्यायचं होतं. मासिकात तेवीस वर्षं तो हेच करत आला होता. ऑफिसात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे 'कान' म्हणत. कानाने सांगितलं म्हटलं की वाद मिटायचा.

त्याची रीत ठरलेली होती. गाणी तो सगळ्यात शेवटी ऐके. आधी ऐके ते वीस वर्षांपूर्वी घरातच केलेलं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग. त्यात फ्रिज घरघरतो, आतल्या खोलीत मुलगी कविता पाठ करते आणि बायको दाराशी ताटकळत उभी असते. निघायचंय की नाही, असं ती तिच्या तेव्हाच्या बारीक, किनऱ्या आवाजात विचारते आणि हातातला जुडगा दोनदा हलवते. चांगल्या हेडफोनमध्ये त्या चाव्या एक एक करून मोजता येतात. साध्या हेडफोनमध्ये त्या नुसत्या खुळखुळतात. पण मुळीच ऐकू आल्या नाहीत, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. या वर्षात मात्र ही तिसरी वेळ होती.

घाईघाईने त्याने टाइप केलं, 'बासने वरचे सगळे बारीक आवाज गिळून टाकले आहेत. पैसे पाण्यात.' वाक्य झकास होतं. आधीच्या दोन हेडफोनबद्दलही त्याने हेच लिहिलं होतं. त्यांतल्या एका छोट्या कंपनीने नंतर गाशा गुंडाळला.

मग त्याने ड्रॉवरमधून स्वतःचे जुने हेडफोन काढले. अठरा वर्षं ते त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. ते लावले. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

चाव्या नव्हत्या.

हेडफोनच्या गाद्या झिजल्या असतील, वायर गेली असेल, असं तो मनाशी म्हणत राहिला. पण आता एकेक गोष्ट आठवायला लागली. ऑफिसातली नवी मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी तक्रार त्याने किती वेळा केली होती. मुलीचा फोन आला की नेटवर्कला शिव्या घालत तो फोन बायकोकडे देई. हे खरं निघालं तर उद्यापासून तो ऑफिसात कुठल्या तोंडाने बसणार होता? दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

त्याला एकाच गोष्टीचा धीर होता. बायकोचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. कान गेले असते तर ते कसं आलं असतं? उलट तिचाच घसा बिघडला होता. वर्षभरात तिचा आवाज जाड, भसाडा झाला होता. तो तिला 'हवालदारीणबाई' म्हणून चिडवी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, असं त्यानेच तिला बजावलं होतं आणि ती रोज सकाळी त्या करतही होती.

तेवढ्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन ती आत आली. दाराशी खाकरली.

"अहो, दोन वाजले. जेवायचं नाही का?"

शब्दन्‌शब्द कळला. त्याच्या जिवात जीव आला. तिला बसवून त्याने ते नवे हेडफोन तिच्या कानांवर चढवले. काय काय ऐकू येतं तेवढं सांग, म्हणाला. चाव्यांचं नाव काढलं नाही.

ती खुर्चीच्या कडेला टेकली. तो पडद्यावरचे आकडे पाहत होता. चाळीस. एक्केचाळीस. ती एकदम हसली. तिचा मोकळा हात हवेत दोनदा हलला, जुडगा हलवावा तसा.

मग ती बोलायला लागली. त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून, त्याच्याकडे बघत, ओठ हलवत ती भरभर बोलत होती. त्याला कसलीशी पुसट गुणगुण ऐकू आली. शब्द एकही आला नाही.

कानांवर हेडफोन असले की माणसाला स्वतःच्या आवाजाचं भान राहत नाही, तो आपल्या मूळ आवाजात बोलतो. हे त्यानेच कधीतरी लिहिलं होतं.

तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तिचं हसू मावळलं. तिने सावकाश हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग खाकरली. वर्षभर त्याच्याशी बोलण्याआधी ती दर वेळी खाकरत होती, तशीच. आणि आवाज खाली, छातीत उतरवून ती म्हणाली,

"चाव्या आहेत. अगदी स्वच्छ ऐकू येतायत."

पडद्यावर 'पैसे पाण्यात' तसंच होतं. त्याला दिसत होता तो फक्त तिचा गळा. त्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि तरी वर्षभर रोज सकाळी ती निमूटपणे गुळण्या करत होती.