निर्व्यसनी पेट्रोल

सोनटक्क्यांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या गाडीला मात्र ते पटत नव्हतं. कायद्याने प्रत्येक गाडीत बसवलेलं यांत्रिक नाक दारूचा वास आला की इंजिन अडवायचं आणि घरी निरोप धाडायचं, ‘चालक प्यायलेले आहेत.’ आता पेट्रोल म्हणजे जवळजवळ सगळं उसाचं इथेनॉल, त्यात या गाडीची जुनी नळी पाझरायची. नवी नळी बाजारात मिळेना.

“गाडी पिते गं, मी नाही,” सोनटक्के सांगत.

“हे असलं तुम्ही प्यायल्यावरच बोलायचात,” म्हणत मंदाताईंनी परवाचा निरोप आल्यावर माहेरी जायची बॅग माळ्यावरून काढली होती.

म्हणून डबा घेऊन, दोन एसट्या बदलून, सोनटक्के घाटाखालच्या पंपावर पोचले. पाटी होती, ‘निर्व्यसनी पेट्रोल मिळेल’.

“इथेनॉलचा थेंब नाही ना?”

“काका, एकादशीलासुद्धा चालेल,” पंपवाला म्हणाला. भाव ऐकून सोनटक्क्यांना वाटलं, यापेक्षा पिणं स्वस्त पडत होतं.

घरी येऊन त्यांनी टाकी उपसली, नवं पेट्रोल भरलं आणि मंदाताईंना शेजारी बसवून चावी फिरवली. गाडी मुकाट्याने सुरू झाली. मंदाताईंच्या फोनवर निरोप आला, ‘चालक शुद्धीवर आहेत.’

“बघ,” थकलेले सोनटक्के म्हणाले.

मंदाताईंनी निरोप दोनदा वाचला.

“म्हणजे गाडी खरं बोलते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग परवा कुणाबरोबर बसला होतात?”